सीलबंद टाकीतलं पेट्रोल

१

ज्ञानेशच्या गाडीच्या तिसऱ्या पिस्टनला करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. त्या भोकापायी एका माणसाची अब्रू जाणार होती आणि एक ठरलेला साखरपुडा मोडणार होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मेकॅनिक इंजिन उघडत होता आणि मी शेजारी उभी राहून भोकाच्या कडा न्याहाळत होते. कडा मेणासारख्या वितळल्या होत्या.

ही २००४ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी साधना गायधनी. अपघात झालेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला खरं-खोटं सांगायचं हा माझा धंदा, आणि नाशकातल्या आमच्या मोटर क्लबच्या शर्यतींत गाड्यांची तपासणी करायची ही हौस. दोन्हीकडे काम एकच, समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही. इंदिरानगरातला आमचा भाजीवाला मला लांबून येताना बघितलं की कोथिंबिरीची जुडी स्वतःच उलटी करून दाखवतो. नवरा म्हणतो, बघायला आलीस तेव्हा तू माझा चॅसी नंबरही तपासला असशील. तपासला होता.

त्या रविवारी चांदवडच्या बाजूला डोंगरातल्या कच्च्या वाटेवर शर्यत होती. ज्ञानेश हा विंचूरच्या एका द्राक्षबागाईतदाराचा मुलगा. त्याची गाडी तशी जुनीच, पण इंजिनावर टर्बो बसवलेला. टर्बो म्हणजे गाडीच्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो आणि मांजरासारखी गाडी वाघ होऊन अंगावर धावून येते. पण हवा एवढी कोंबली की साधं पेट्रोल दम धरत नाही, ठिणगी पडायच्या आधीच पेट घेतं. आत कुणी हातोडे मारल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. ते थोडा वेळ चाललं तरी पिस्टन वितळतो. म्हणून दम धरणारं, जास्त ऑक्टेनचं इंधन लागतं.

ज्ञानेशच्या इंजिनाचं सगळं बघायचा तो रोहित. इंजिनीअर झालेला, सातपूरला स्वतःचं गॅरेज टाकलेला, लॅपटॉप जोडून ठिणगीची वेळ केसभर पुढे-मागे करत बसणारा मुलगा. त्याने पंपावरच्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा शुद्ध अल्कोहोल मिसळायचं ठरवलं होतं. अल्कोहोलने इंजिन आतून थंड राहतं आणि पेट्रोलचा दम वाढतो. त्या मिश्रणाला धरूनच त्याने सगळं ट्यूनिंग केलेलं.

डोंगराच्या दुसऱ्या वळणावर ज्ञानेशची गाडी खडखडली, पांढरा धूर सोडत आडवी झाली आणि दगडावर आदळली. ज्ञानेशचा हात मोडला. त्याचे वडील झुंबरनाना दवाखान्याच्या दारातच ओरडले, "ह्यो घात हाय. कुनीतरी पेट्रोल बदललं!"

म्हातारं माणूस पोराच्या काळजीने काहीही बोलतं, असं मला वाटलं. तरी सवयीप्रमाणे मी टाकीतून बाटलीभर नमुना काढला, त्यात पाणी घातलं आणि हलवलं. ही जुनी युक्ती आहे. पेट्रोलात अल्कोहोल असेल तर ते पाण्यात उतरतं आणि खालची पाण्याची पातळी वर सरकते. इथे ती जेमतेम हलली.

टाकीत साधं पेट्रोल होतं. आणि ती टाकी त्याच सकाळी माझ्या डोळ्यांदेखत भरली होती. झाकणावरचं सील माझ्याच हातचं होतं, आणि ते शाबूत होतं.

२

आदल्या शर्यतीत इंधनावरून भांडणं झाली होती. म्हणून या वेळी क्लबने ठरवलं की आघाडीच्या गाड्यांच्या टाक्या जिथे भरतील तिथे जाऊन मीच सील करायच्या. त्यामुळे रविवारी सकाळी मी विंचूरला नानांच्या बागेत हजर होते.

काय ती थंडी! निफाड तालुक्यातल्या थंडीला कुणी आवर घालत नाही. माझी बोटं सील दाबण्याइतकीही वळत नव्हती. नाना शेकोटी पेटवून बसले होते. मी आधी ओरडून ती पेट्रोलपासून लांब न्यायला लावली. "शहरातली मान्सं लय भित्री," असं म्हणत त्यांनी निखारे सरकवले.

शेडच्या बाहेर ओट्यावर निळा प्लास्टिकचा ड्रम होता. पेट्रोलचा वास घरात नको म्हणून तो रात्रभर उघड्यावरच ठेवलेला. आदल्या दिवशी दुपारी रोहितने त्यात मिश्रण केलं होतं आणि त्यातलं थोडं घालून गाडी रस्त्यावर पळवलीही होती. "पाण्यासारखी धावली," ज्ञानेश म्हणाला. "एकही ठोका नाही." मग शिल्लक मिश्रण झाकण घट्ट लावून तसंच ठेवलं.

"अल्कोहोलचा कॅन कुणाच्या ताब्यात होता?" मी विचारलं.

"शेडमध्येच. पण मी त्याच्यावर मार्करने रेघ मारलीय, मॅडम. एक थेंब हलला तरी कळतं. मिसळायच्या आधी मी स्वतः बघितलं, पातळी रेघेला टेकलेली." ज्ञानेश हा मला माझ्याच जातकुळीचा वाटला. मी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली.

ड्रममधून टाकीत ओढायला त्याने बागेच्या फवारणी पंपाची कोरी नळी घेतली. नळीचं टोक काठीला बांधलेलं, तळापासून चांगलं वितभर वर. औषधाच्या टाकीतून ओढताना बागाईतदार नळी कधीच तळाला टेकवत नाहीत, कारण गाळ आला की नोझल तुंबतो. हातांना तीच सवय. ड्रमचं थोडंसं उरेपर्यंत इंधन टाकीत गेलं, मी सील दाबलं, आणि नानांनी गाडीपुढे नारळ फोडला.

चहा होईपर्यंत नानांनी मला बाग दाखवली. मणी ज्वारीएवढे झाले होते. "ह्या टायमाला जीएचं डिपिंग चुकलं तर मणी फुगत नाय," ते सांगत होते. "शुक्रवारी कांद्याच्या भावावरून विंचूर बंद. एक दुकान उघडं नाय. सगळे बागाईतदार कपाळाला हात लावून बसले, पण माझं डिपिंग झालं बघा!" गडी माणसं मगात जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं, द्रावण घेऊन एकेक घड कसा बुडवतात, तेही त्यांनी हातवारे करून दाखवलं.

रोहित तिथेच होता, लॅपटॉपवर शेवटची नजर टाकत. नानांची मुलगी तेजस्विनी चहा घेऊन आली तेव्हा त्याने मान वर केली, आणि दोघं हसली. पुढच्या रविवारी त्यांचा साखरपुडा होता.

म्हणजे ड्रम एक, नळी एक, टाकी एक, आणि मध्ये दुसऱ्या कुणाचा हात नाही. तरी सकाळी टाकीत गेलं ते मिश्रण दुपारी साधं पेट्रोल होऊन बाहेर आलं.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हा विचार करत होते, तेवढ्यात नानांचा फोन आला. "मॅडम, चोर घावला. पुरावा धुताना रंगेहात धरला त्याला."

"कोण?"

"कोन म्हंजे? आमचे जावईबापू!"

३

मी बागेत पोचले तेव्हा रोहित ओट्याच्या कडेला मान खाली घालून बसला होता. जवळच्या बांधावर ओला डाग होता आणि स्पिरिटचा भपकारा येत होता. इंजिनातला पिस्टन बघून तो कुणाशी न बोलता थेट इथे आला होता आणि ड्रममधलं उरलेलं बांधावर ओतत होता. नाना दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले आणि त्यांनी ते बघितलं.

"तळाशी एवढंच ऱ्हायलं व्हतं," नानांनी सरबताची बाटली माझ्या हातात दिली. "म्या हिसकून घेतलं. तपासा!"

मी तिथेच ग्लासात थोडं घेऊन पाणी ओतलं. जवळजवळ सगळंच पाण्यात मिसळून गेलं. वर पेट्रोलची नखभर चकती तेवढी तरंगली.

"बघा! अल्कोहोल हितं, आन् टाकीत नुसतं पेट्रोल!" नाना म्हणाले. "काय हातचलाखी करू राह्यला व्हता ह्यो आपल्या डोळ्यांम्होरं, देव जाने."

"रोहित, ड्रम का ओतलात?" मी विचारलं.

"उघड्यावर पेट्रोल होतं. धोका नको म्हणून."

"इंजिन फुटलेलं, मित्राचा हात मोडलेला, आणि तुम्हाला बांधावरच्या धोक्याची काळजी?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. घराच्या दारात तेजस्विनी उभी होती, तिच्याकडेही नाही. "मिश्रण मी केलं. जबाबदारी माझी. तसं लिहून टाका," एवढंच तो म्हणाला.

वीस वर्षांच्या धंद्यात मी खोटं बोलणारे ढीगभर बघितलेत. ते स्वतःला सोडवायला खोटं बोलतात. हा स्वतःला अडकवायला बोलत होता, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

नानांनी मात्र निकाल लावून टाकला. "बुधवारी क्लबाची मीटिंग हाय ना? तिथं ह्याला कायमचा हाकला. त्याच दिशी मी पोलिसात जातो. आन् साखरपुडा इसरायचा!"

मी वळून बघितलं तर तेजस्विनी आत निघून गेली होती.

निघताना एक गाडी बागेच्या फाटकाशी येऊन थांबली. आतल्या बाईला मी चांगली ओळखत होते, आणि तिने तिथे यायचं काहीच कारण नव्हतं.

४

शुभांगी ही ज्ञानेशची कट्टर प्रतिस्पर्धी. गंगापूर रोडची, बापाच्या पैशावर नव्हे तर स्वतःच्या मनगटावर गाडी चालवणारी, आणि तोंडाची तिखट. तिचीही गाडी टर्बोची. त्या दिवशी शर्यत तिनेच जिंकली होती. माझ्या संशयाला याहून आयतं गिऱ्हाईक मिळालं नसतं.

"ज्ञानेशला भेटायला दवाखान्यात गेले, तिथे कळलं रोहितला धरलंय. म्हणून आले," ती म्हणाली.

"रोहितची तुम्हाला एवढी काळजी?"

"आहेच. गेल्या गुरुवारी मी त्याच्या गॅरेजमध्ये गेले होते. म्हटलं, त्या द्राक्षवाल्यांना सोड आणि माझ्याकडे ये. लपवायचं काय त्यात?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, त्या घरात मी फक्त इंजिनासाठी जात नाही." तिने डोळे फिरवले. "आता असल्या माणसाला कुणी विकत घ्यायचं?"

"अल्कोहोल तुम्हीही वापरता?"

"वापरते. दोघांचं एकाच परवान्यावर, एकाच खेपेत आलंय. त्याचा कॅन त्याला, माझा मला. माझ्यात निम्मं उरलंय. हवं तर घेऊन जा आणि चाटून बघा."

कॅन मी घेतला. चाटला नाही. पण शुभांगीबद्दलचा माझा संशय थोडा सैल झाला, कारण ज्याच्या पोटात पाप असतं तो तपासायला माल देत नाही. थोडाच सैल झाला, हेही सांगून ठेवते.

सोमवारी सकाळी तेजस्विनी माझ्या इंदिरानगरच्या घरी आली. एकटीच. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "मॅडम, रोहितने केलेलं नाही. मला पुरावा माहीत नाही, पण तो माणूस माहीत आहे."

"पुराव्याशिवाय मला माणूस कळत नाही," मी म्हणाले, जरा कडकच. "तुम्ही त्या दिवसांत कुठे होता?"

"गुरुवारी कळवणला मावशीकडे गेले, साखरपुड्याचं बोलावणं करायला. शनिवारी दुपारी आले, तेव्हा गाडीची चाचणी चालू होती."

"हे रोहितला माहीत होतं?"

"नसावं. तो आठवडाभर इंजिनातच डोकं घालून होता. आमचं बोलणंच झालं नाही." ती क्षणभर थांबली. "दर वर्षी बागेचं जीए मीच करते. बीएस्सी ॲग्री आहे मी, नाना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. या वर्षी माझ्यावाचूनच डिपिंग झालं, तर मला उगाच वाईट वाटलं. बघा ना, आता वाईट वाटायला काय काय आहे."

मी तिला चहा दिला. जीए म्हणजे नक्की काय करतात, असं मी सहज विचारलं, आणि तिने सहज सांगितलं. ते ऐकून मी हातातला कप खाली ठेवला.

५

ती गेल्यावर मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. नवऱ्याने डबा न मागता ऑफिस गाठलं, शहाणा माणूस.

लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या. पहिल्या बरणीत चार भाग पेट्रोल आणि एक भाग शुभांगीच्या कॅनमधलं अल्कोहोल. दुसरीतही तेच, फक्त अल्कोहोलमध्ये आधी जरासं पाणी मिसळलेलं. गॅलरीतल्या उन्हात दोन्ही बरण्या ठेवल्या. दोन्हींत स्वच्छ, एकजीव, डोळ्यांना फरकच नाही.

मग दोन्ही फ्रिजमध्ये. पेट्रोल फ्रिजमध्ये ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, कुणी करू नये. मी फ्रिजचा प्लग काढला, खिडक्या उघडल्या आणि बर्फाच्या ट्रेमध्ये बरण्या रोवल्या.

थोड्या वेळाने दार उघडलं. पहिली बरणी तशीच स्वच्छ. दुसरी ताकासारखी गढूळ झाली होती, आणि बघता बघता तिचे दोन थर झाले. वर पेट्रोल, खाली अल्कोहोल आणि पाणी.

तेव्हा टाकीचं कोडं सुटलं. ट्यूनिंगचा दोष नव्हता, नाहीतर शनिवारीच ठोके पडले असते. कुणी पेट्रोल बदललंही नव्हतं. शनिवारच्या उन्हात मिश्रण एकजीव होतं म्हणून गाडी पाण्यासारखी धावली. रात्री ओट्यावरच्या थंडीने ते फुटलं आणि अल्कोहोल तळाला बसलं. सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून वरचं नुसतं पेट्रोल ओढलं, कारण नळी तळापासून वितभर वर होती. रस्त्याने विंचूरहून चांदवडपर्यंत गाडी निवांत आली. डोंगरात टर्बोने हवा कोंबली, पेट्रोलने दम सोडला, पिस्टन वितळला.

मात्र शुद्ध अल्कोहोल असतं तर थंडीत काही झालं नसतं. पाणी कुठून आलं? आणि पातळी तर रेघेलाच टेकलेली होती.

त्या संध्याकाळी मी नानांना फोन करून एकच गोष्ट विचारली. "नाना, शुक्रवारी दुकानं बंद होती, मग जीएची पावडर कशात विरघळवली?"

नाना तावातावाने म्हणाले, "तुमाला चोर धरायचा हाय का शेती शिकायची हाय?" आणि त्यांनी फोन आपटला.

६

बुधवारी सकाळीच मी विंचूरला गेले. संध्याकाळच्या मीटिंगच्या आत हे घरात सुटायला हवं होतं. दुसरी बरणी शालीत गुंडाळून मांडीवर धरून नेली. ऊब मिळाली होती, म्हणून आतलं पुन्हा एकजीव झालेलं. रोहितला मी सातपूरहून जवळजवळ ओढूनच आणला होता.

ओट्यावर चौघं होते. नाना, गळ्यात हात अडकवलेला ज्ञानेश, तेजस्विनी, आणि लांब कोपऱ्यात रोहित. मी बरणी शालीतून काढून थंड फरशीवर ठेवली.

"बघत राहा," मी म्हणाले.

ती सगळ्यांसमोर गढूळ झाली आणि फुटून दोन थर झाले. काय घडलं ते मी सांगितलं. ज्ञानेश बरणीकडे बघून पुटपुटला, "म्हणजे पेट्रोल मीच भरलं..."

"तुमचा दोष नाही. दोष पाण्याचा. अल्कोहोलच्या कॅनमध्ये पाणी होतं. खेप चांगली होती, शुभांगीच्या कॅनमध्ये पाण्याचा थेंब नाही. म्हणजे पाणी इथे, या शेडमध्ये पडलं."

"मंग त्यानंच टाकलं!" नानांनी रोहितकडे बोट केलं, पण आवाजात रविवारचा जोर नव्हता.

"घात करायचा असता तर नुसतं पाणी ओतलं असतं, पातळी रेघेच्या वर गेली असती. पण पातळी रेघेलाच होती. म्हणजे ज्याने पाणी घातलं त्याने आधी तेवढंच अल्कोहोल काढलं होतं. त्याला इंजिन फोडायचं नव्हतं, त्याला अल्कोहोल हवं होतं. आता सांगा, शुक्रवारी दुकानं बंद असताना, डिपिंग चुकलं तर वर्षाचं पीक जाईल अशा वेळी, द्राक्षाच्या बागेत शुद्ध स्पिरिट कुणाला हवं असतं?"

तेजस्विनीच उत्तरली, अगदी हळू. "जीएची पावडर पाण्यात विरघळत नाही. आधी स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते."

"मॅडम, पुरे," रोहित एकदम उठला. "मी म्हटलं ना, चूक माझी. मिसळण्याआधी अल्कोहोल तपासायला हवं होतं. लिहून घ्या आणि संपवा."

"बसा खाली," मी म्हणाले. "तुम्ही रविवारी पिस्टन बघितला आणि सगळं तिथेच ओळखलंत. इथे आलात, ड्रममध्ये दोन थर दिसले. तुम्हाला निर्दोष ठरवणारा तो एकच पुरावा होता, आणि तुम्ही तो बांधावर ओतत होता. असं माणूस एकाच कारणासाठी करतो. दुसऱ्या कुणाला तरी वाचवायचं असतं. जीए दर वर्षी कोण विरघळवतं, ते तुम्हाला माहीत होतं. पण रोहित, ज्या व्यक्तीला तुम्ही वाचवताय ती शुक्रवारी कळवणला होती."

रोहितने तेजस्विनीकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

नाना मटकन ओट्यावर बसले.

"म्याच घेतलं," ते म्हणाले. "पावशेर बी नसंल. पोरगी गावाला, दुकान बंद, मणी थांबत व्हते का? घेताना ती रेघ दिसली. म्हटलं, पोरगं माझ्यावर बी चौकी ठेवू राह्यलं, आता बोंब मारंल. म्हनून तेवढंच पानी घातलं. स्पिरिट पान्यागत, पानी स्पिरिटागत. कायबी दिसलं नाय. आईच्यान सांगतो, रविवारी मला खरंच वाटलं व्हतं का यानंच घात केला."

"आणि सोमवारपासून?" मी विचारलं.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सोमवारी तुमचा फोन आला तवा समदं ध्यानात आलं. पन येवढं ओरडून झाल्यावं तोंड कसं उघडावं? ज्याला चोर म्हटलं, त्याच्या म्होरं कसं जावं?"

ज्ञानेश वडिलांकडे बघत राहिला. मग उजव्या हाताने त्यांचा खांदा धरला. नाना उठले आणि रोहितपुढे दोन्ही हात जोडून उभे राहिले. माझ्यासारख्या कोरड्या बाईलाही ते बघवेना. रोहितने घाईघाईने त्यांचे हात धरले.

"झालं गेलं," नाना डोळे पुसत म्हणाले. "साखरपुडा ठरल्या दिशी. त्याच मांडवात. सगळ्या भावकीम्होरं सांगतो का माझा जावई सोन्याचा हाय."

"नाना, थांबा," तेजस्विनी म्हणाली.

ती रोहितसमोर आली. "ड्रम तू माझ्यासाठी ओतलास?"

"हो."

"म्हणजे तुला वाटलं, अल्कोहोल मी घेतलं. मी पाणी घातलं. माझ्या भावाचा हात मोडला, तुला माझ्या दारात चोर ठरवलं, आणि मी आत जाऊन गप्प बसले."

"तेजू, मला वाटलं तू घाबरली असशील. मला तुला त्रास द्यायचा नव्हता."

"मी सोमवारी एवढ्या लांब जाऊन यांच्यासमोर सांगून आले की हा माणूस मला माहीत आहे. माझ्याकडे पुरावा नव्हता, तरी. आणि तुला मी माहीत नव्हते?" ती एक पाऊल मागे सरली. "नानांनी रागाने तुला चोर म्हटलं. तू मला प्रेमाने म्हटलंस. मला ते जास्त लागलं, रोहित."

ती ओट्यावरून उतरली आणि द्राक्षांच्या ओळींमध्ये चालत गेली. दव पडलं होतं, तिच्या साडीचा काठ भिजत गेला. नाना मागे जायला निघाले, मी त्यांना हाताने थांबवलं.

रोहित माझ्याकडे आला. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव स्वच्छ होणार होतं, गॅरेज वाचणार होतं, पण चेहरा असा की सगळं गेलंय. "मॅडम, मी तिला वाचवायलाच बघत होतो. माझं चुकलं काय?"

मला राग आला होता, तो मी लपवला नाही. "मी दिवसभर लोकांवर संशय घेते, रोहित. तोच माझा धंदा आहे. पण संशय आला की मी जाऊन विचारते. तुम्ही तिच्यावर संशय घेतलात, तिला माफही करून टाकलंत, आणि विचारलं मात्र नाहीत."

त्याने बूट काढले आणि तसाच अनवाणी ती गेली त्या ओळीत शिरला. पानांआड काही दिसत नव्हतं. आम्ही तिघं ओट्यावर उभे होतो, आणि आतून तिचा आवाज आला, रागावलेला, आम्हाला स्पष्ट ऐकू येईल असा.

"आता विचार!"